आधी रेघ

पुराभिलेखागारात पंखा आहे, पण लावत नाहीत.
कागद उडतात, असं मुल्लाणी सांगतात,
आणि कपाळाचा घाम रुमालानं टिपून
दुसरा रुमाल माझ्यासमोर सोडतात,
लाल खारव्याचा, गाठीत वाळवीचा बारीक भुगा.
कोल्हापूर–मिरज रेल्वे, किरकोळ खर्च.

किरकोळच मला हवं होतं.
मंडप, तोफा, हारतुरे
कुणीतरी आधीच लिहून ठेवलेत.

मोडी मी अजून बोट ठेवून वाचते,
दुसरीतल्या पोरासारखी.
मुल्लाणींनी पहिल्या दिवशी सांगितलं : आधी रेघ.
या कडेपासून त्या कडेपर्यंत, पानभर.
मग तिला खालून अक्षरं टांगायची.
शब्द तोडायचा नाही, टाक उचलायचा नाही,
कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं बघावं.
मी म्हटलं, म्हणजे रुळांसारखंच,
आधी रेघ, मग तिच्याखाली
रुकडी, हातकणंगले, मिरज.
ते म्हणाले, गावं आधीपासून होती, बाई.

तीन आठवड्यांत सापडलं ते इतकंच :
आंबा तोडला, भरपाई दिली,
मालकाचं नाव, बापाचं नाव, मौजे अमुक.
विहीर बुजवली. तिलाही नाव : चिंचेची.
भराव खचून बैल दगावला.
सरज्या. रंग कोसा. डावं शिंग मोडकं.
रुपये अठरा.
आणि त्याच पानाच्या तळाला,
जिथं शाई संपत आली असावी,
वडर असामी त्रेचाळीस दिन नऊ

पुढचं पान खडीच्या गाड्यांचं.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच.
दिन, की दीन? मी विचारलं.
मुल्लाणींनी चष्मा पुसला. परत पुसला.
"हिशेब आहे, दिनच असणार," म्हणाले.
मग दप्तर बांधताना, गाठीकडे बघत,
"पण लिहून नाही देणार मी."

शनिवारी पॅसेंजर धरली.
पिशवीत झेरॉक्स, मोजायचा टेप, भडंगाची पुडी.
पंचगंगेवर पुलाचे खांब मोजायचे होते,
समोरच्या बाईनं नेमकं तेव्हाच विचारलं
लग्न झालंय का.
उत्तर देईपर्यंत ऊस सुरू झाला.

शिवगोंडा मगदूम, रिटायर कीमन,
स्टेशनच्या मागं तिसरं घर.
"जुनं काय बघालायसा? सगळं उचललं की.
बारका रूळ काढला, रुंद टाकला,
मिसरूड फुटलं नव्हतं तवापासनं हाय मी."
मग काहीतरी आठवून गोठ्यात घेऊन गेले.
दारावरची तुळई दाखवली :
जुना स्लीपर, काळा,
हात लावला की अजून बोटांना वास.
लिलावात घेतला, म्हणाले,
किती रुपयांना ते बायकोला ठाऊक होतं.

टेप लावला. सहा फूट.
भोकापासून भोकापर्यंत मीटर, वर थोडं.
मी आकडे लिहीत होते,
म्हैस माझ्या ओढणीचं टोक चघळत होती.

खिळ्याच्या एका भोकात माती भरलेली.
पेन्सिलीनं टोकरणार, एवढ्यात
कुंभारीण आली भणभणत,
तोंडात चिखलाची गोळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी.
लिंपली, गेली.
नळाजवळच्या ओलीवरून परत आली.
मी पेन्सिल खाली घेतली आणि
तिच्या खेपा मोजायला लागले,
का, ते विचारू नका.
अकरा झाल्या.
तेवढ्यात मगदूमांनी हाक मारली,
"या की, चा निवालाय,"
आणि कप हातात घेऊन परत येईपर्यंत
किती खेपा होऊन गेल्या
कुणास ठाऊक.